आधी घरातले कागद वेगळे करा

पत्र: मी ३६ वर्षांची. बेळगावातल्या एका अनुदानित पदवी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते, कायम पदावर, अकरा वर्षं झाली. माहेर खानापूर तालुक्यातलं. आजोबा महाराष्ट्र एकीकरण समितीच्या चळवळीत होते, बाबा दोनदा झेडपीवर (जिल्हा पंचायतीवर) निवडून आले, काका गावच्या पीकेपीएसचे (शेतीकर्ज देणाऱ्या सहकारी सोसायटीचे) अध्यक्ष आहेत आणि एक पतसंस्थाही चालवतात, भाऊ सरकारी कामांची गुत्तेदारी करतो. सासर चंदगडकडचं, पण आम्ही दोघं बेळगावातच फ्लॅटमध्ये राहतो (माझं मत अजून सासरच्या गावीच आहे, ते काय, बदलून घेईन). काकांचं म्हणणं, आपला झेडपी मतदारसंघ महिलांसाठी सुटेल, तू राजीनामा देऊन टाक, बाकी आम्ही बघतो. मला स्वतःला विधानसभा लढवावीशी वाटते. नोकरी सोडावी का आणि कधी? भावाच्या गुत्तेदारीची अडचण येईल का? मराठीच्या प्रश्नावर मोकळेपणाने बोलता येईल का?
— एक प्राध्यापिका

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात वजनदार ओळ तुम्ही कंसात टाकली आहे. तिथूनच सुरू करू.

कर्नाटक विधानसभेला उभं राहायचं तर वय २५ पूर्ण हवं आणि नाव कर्नाटकातल्या कुठल्या तरी विधानसभा मतदारसंघाच्या यादीत हवं. जिथून लढायचं तिथलंच हवं असं नाही, पण राज्य हेच हवं. तुमचं नाव चंदगडच्या यादीत, म्हणजे महाराष्ट्रात. आजच्या घडीला तुम्ही कितीही सभा गाजवा, छाननीच्या टेबलावर अर्ज पाच मिनिटांत बाद होईल. सीमाभागात हा घोळ नवा नाही: लेक इकडची, सासर तिकडचं, रेशनकार्ड एकीकडे आणि मत दुसरीकडे.

नाव हलवायला फॉर्म ८ भरा, फॉर्म ६ नको. ६ नंबरचा नव्या मतदाराचा असतो. तो भरलात तर चंदगडचं नाव जागच्या जागी राहतं, दोन याद्यांत नाव होतं आणि ‘माझं नाव दुसरीकडे नाही’ अशी खोटी सही केल्याचा ठपका येतो. पत्ता राहत्या फ्लॅटचाच द्या. माहेरी घर आहे एवढ्यावरून तुम्ही तिथल्या रहिवासी ठरत नाही, कायद्यात हे स्वच्छ लिहिलं आहे. अर्ज भरण्याच्या शेवटच्या तारखेनंतर यादीत नाव घालता येत नाही आणि त्याआधीही हरकतींसाठी सात दिवस जातात. निवडणूक जाहीर झाल्यावर धावणारे हमखास इथे अडकतात. नाव आलं की ते कन्नड यादीत कसं छापलंय ते अक्षर न् अक्षर वाचा. मराठी आडनावं कन्नडमध्ये जाताना ‘ळ’चा ‘ल’ आणि ‘व’चा ‘ब’ सहज होतो. आधार, पॅन, यादी आणि अर्ज या चारही ठिकाणी नाव एकच हवं.

आणि इथेच काकांच्या बेताला पहिली गाठ बसते. बेळगाव महापालिकेचे ५८ प्रभाग झेडपीच्या कुठल्याच मतदारसंघात येत नाहीत. फ्लॅट शहरात आणि उमेदवारी खानापूरच्या खेड्यातली, हे जमवायचं तर खरोखर गावी राहायला जावं लागेल. मग रोजचं कॉलेज कसं करणार, हे काकांनी सांगितलेलं दिसत नाही.

आता नोकरी. राज्यशास्त्र शिकवता, तेव्हा घटनेचं कलम १९१ तुम्हाला पाठ असेल: सरकारच्या हाताखाली लाभाचं पद असणारा आमदारकीला अपात्र. सरकारी प्रथम श्रेणी (पदवी) कॉलेजातल्या प्राध्यापकाबद्दल वादच नाही, तो सरकारी नोकर. राजीनामा नुसता देऊन चालत नाही, तो मंजूर होऊन अमलात यावा लागतो. तुमचं अनुदानित कॉलेज मात्र मधल्या पट्ट्यात आहे. न्यायालयं इथे काही ठरावीक गोष्टी पाहतात: नेमणूक कोण करतं, काढू कोण शकतं, पगार कुणाच्या तिजोरीतून येतो, काम कुणाचं आणि कामावर ताबा कुणाचा. १९६४ च्या गुरु गोविंद बसू खटल्यापासून ही मोजपट्टी चालत आली आहे. अनुदानित कॉलेजात पगार सरकारी अनुदानातून येतो, पण नेमणूक आणि शिस्त संस्थेच्या हातात असते. म्हणून पगार सरकारी पैशातून येतो एवढ्यावर तुम्ही अपात्र ठरत नाही. तरी यावर विसंबून नोकरीत राहून अर्ज भरावा असं आम्ही सांगणार नाही. विरोधकाचा वकील छाननीत हरकत घेणारच. ती तिथे फेटाळली गेली तरी तुम्ही जिंकल्यावर निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका होऊ शकते. धारवाडच्या खंडपीठाच्या वाऱ्या करत आमदारकी सांभाळणं परवडत नाही.

शिवाय कॉलेजचे स्वतःचे सेवा नियम असतात. निवडणूक लढवायला, पक्षाचं सभासद व्हायला संस्थेची परवानगी लागते का, हे त्यात पाहा. काही संस्था बिनपगारी रजा देतात. पण रजा म्हणजे पद सुटलं असं नव्हे, हे पक्कं डोक्यात ठेवा. रजेवर असलात तरी पद तुमच्याकडेच असतं, आणि लाभाच्या पदाचा प्रश्न पदाचा असतो, त्या महिन्याच्या पगाराचा नाही. २००६ च्या जया बच्चन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं: पैसे घेतले की नाही याला महत्त्व नाही, त्या पदातून ते मिळू शकत होते का हे पाहायचं.

पात्रता पाहिली जाते ती छाननीच्या तारखेला. इथे दिवसांचा हिशेब मांडू. २०२३ ची विधानसभा घ्या. २९ मार्चला कार्यक्रम जाहीर झाला, १३ एप्रिलला अधिसूचना, २० एप्रिल अर्जाची शेवटची तारीख, २१ ला छाननी, २४ ला माघार, १० मे रोजी मतदान, १३ मे रोजी निकाल. जाहीर झाल्यापासून छाननीपर्यंत २३ दिवस. तुमच्या नियुक्तिपत्रात तीन महिन्यांची नोटीस लिहिली असेल तर ती या २३ दिवसांत बसत नाही. आणि पक्षाचे अधिकृत उमेदवारीचे ए आणि बी फॉर्म तर शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत हातात येत असतात. तिकीट पक्कं होईस्तोवर थांबलात तर राजीनामा अमलात येत नाही, आधी दिलात आणि तिकीट दुसऱ्याला गेलं तर नोकरीही गेली आणि उमेदवारीही. ही कोंडी फोडायचा एकच रस्ता आम्हाला माहीत आहे. निवडणुकीच्या सहा-आठ महिने आधी संस्थेच्या सचिवांशी बोलून ठेवा की नोटिशीऐवजी तेवढा पगार भरून लगेच मुक्त करतील का, आणि हो म्हणाले तर ते लेखी घ्या. मग शेवटची वेळ येईल तेव्हा तीन कागद हातात हवेत: राजीनाम्याची पोच, तो मंजूर करणारा संस्थेचा ठराव आणि प्राचार्यांचं कार्यमुक्तीचं पत्र. तिन्हींवर छाननीच्या आधीची तारीख. ठरावाऐवजी ‘मंजूर करण्यास हरकत नाही’ अशी चिठ्ठी घेऊन गेलेल्यांची पंचाईत होते.

पैशाचं थोडक्यात: पाच वर्षांहून जास्त सेवा आहे, ग्रॅच्युइटी मागा. पेन्शनचा आणि शिल्लक रजेचा हिशेब लेखा विभागाकडून लेखी घ्या, राजीनाम्यात आणि स्वेच्छानिवृत्तीत त्यात मोठा फरक पडतो. फ्लॅटचं कर्ज तुमच्या पगारावर असेल तर वर्षभराचे हप्ते बाजूला असल्याशिवाय हा विषय घरात काढू नका.

काका ज्या झेडपीसाठी घाई करताहेत तिचा इतिहासही पाहा. कर्नाटकात जिल्हा आणि तालुका पंचायतींच्या निवडणुका फेब्रुवारी २०१६ मध्ये झाल्या, २०२१ मध्ये मुदत संपली, आणि पुढे मतदारसंघांची फेररचना नि आरक्षण यांच्या वादात त्या वर्षानुवर्षं लोंबकळत राहिल्या. ‘आता लागणारच’ म्हणून २०२१ साली ज्याने नोकरी सोडली असेल त्याची अवस्था काय झाली असेल ते तुम्हीच बघा. पंचायतीत निम्म्या जागा महिलांना आहेत हे खरं, पण ‘आपला मतदारसंघ महिलांसाठी सुटेल’ हे राजपत्रात छापून येईपर्यंत चावडीवरच्या गप्पा समजा. मागास ‘ब’ साठी सुटला तर मराठा समाज कर्नाटकच्या यादीत ३-ब मध्ये आहे. दाखला मात्र इथल्या तहसीलदाराचा, नाडकचेरीतून (गावपातळीच्या महसूल कचेरीतून) काढलेला, मुदतीतला आणि वडिलांच्या घरच्या कागदांवरून काढलेला हवा. महाराष्ट्रातला दाखला इथे चालत नाही. आणि पंचायत कायद्यातली अपात्रतेची कलमं विधानसभेच्या कलमांपेक्षा पसरट आहेत. पदाचं, थकबाकीचं, कामांतल्या हिताचं असं प्रत्येक कलम वकिलाकडून वेगळं वाचून घ्या. विधानसभेच्या नियमांवरून पंचायतीचा अंदाज बांधू नका.

भावाकडे येऊ. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ९-क म्हणतं, ज्या सरकारची निवडणूक त्या सरकारशी उमेदवाराचा मालपुरवठ्याचा किंवा कामाचा चालू करार असेल तर तो अपात्र. करार ‘उमेदवाराचा’ हवा. भाऊ गुत्तेदार आहे एवढ्याने तुम्हाला काही होत नाही. पण आपल्याकडे घरच्या फर्ममध्ये बायकांची नावं घालायची रीत आहे. कधी करासाठी, कधी बँकेच्या कर्जासाठी, आणि ज्या बाईचं नाव तिलाच त्याचा पत्ता नसतो. म्हणून भावाकडून भागीदारीचा दस्त, जीएसटीची नोंदणी आणि ठेकेदार परवाना या तिन्हींच्या प्रती मागवा आणि स्वतः वाचा. नाव निघालं तर निवृत्तीचा दस्त करून नोंदणी बदलून घ्या, आणि तेही छाननीच्या बऱ्याच आधी. काम पूर्ण झालं आणि फक्त बिल सरकारकडे अडकलंय, अशा वेळी करार चालू मानत नाहीत. कायद्यातच तसा खुलासा आहे. मात्र कामाबरोबर देखभालीची मुदत जोडलेली असेल तर ‘पूर्ण’ या शब्दावर वाद होऊ शकतो. झेडपीत प्रकरण आणखी कडक आहे. तिथे पंचायतीच्या कामात अप्रत्यक्ष हितसंबंधही धरतात, आणि तुमचा भाऊ झेडपीची कामं करत असेल तर तुम्ही सदस्य म्हणून बसलेल्या सभेत त्याचं बिल येणार. खरं सांगायचं तर काकांना झेडपीच का हवी, हा प्रश्न या ठिकाणी आमच्याही मनात आला.

यानंतरचं काम सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात जास्त अर्ज पाडणारं: फॉर्म २६ चं शपथपत्र. तुमचं, पतीचं, एकत्र कुटुंबाचं आणि अवलंबितांचं पॅन आणि गेल्या पाच वर्षांच्या विवरणपत्रांतलं उत्पन्न, हातातली रोकड, ठेवी, दागिने, गाड्या, जमीन, कर्ज, गुन्हे. एकही रकाना कोरा सोडायचा नाही. नसेल तर ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहायचं. कोऱ्या रकान्यांबद्दल अधिकाऱ्याने आठवण करून दिल्यावरही ते भरले नाहीत तर अर्ज फेटाळता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ठरवलं आहे. तुमच्या बाबतीत तीन जागा नाजूक आहेत. पहिली, माहेरची जमीन: २००५ च्या दुरुस्तीनंतर लेकीचा वडिलोपार्जित शेतीत हक्क आहे, खानापूरच्या उताऱ्यावर तुमचं नाव लागलंय का ते काढून पाहा. हक्कसोड केला असेल तर तो नोंदलेला आहे का तेही पाहा. दुसरी, काकांच्या पतसंस्थेत तुम्ही कर्जदार किंवा जामीनदार म्हणून कुठे सही केली आहे का. ‘इथे सही कर गं’ म्हणून दिलेल्या सह्या आठवून लिहून काढा. तिसरी, गुन्हे. सीमाभागात मोर्चा, काळ्या दिनाची (१ नोव्हेंबर, कर्नाटक राज्य स्थापनेचा दिवस) फेरी, फलकाचा वाद यांत नाव घातलं जाणं सहज घडतं, आणि समन्स न आल्यामुळे माणूस विसरून जातो. तुमच्या गावच्या आणि शहरातल्या पोलिस ठाण्यांत लेखी विचारणा करा. प्रलंबित खटला असला म्हणून उमेदवारी जात नाही. अपात्रता येते ती सर्वसाधारणपणे दोन वर्षं वा अधिक शिक्षा झाल्यावर. लपवला तर मात्र खोट्या शपथपत्राचा वेगळा गुन्हा होतो. खटला असेल तर माघारीनंतर मतदानापर्यंत तीन वेळा वर्तमानपत्रात आणि टीव्हीवर जाहीर करावा लागतो, त्याचा खर्चही धरून ठेवा.

अर्जासोबत अनामत दहा हजार, अनुसूचित जाती-जमातींना पाच हजार. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, बाकी सगळ्यांना दहा. समितीकडून उभं राहायचं म्हटलं तर निवडणूक आयोगाच्या लेखी तुम्ही अपक्ष, म्हणजे दहा सूचक, आणि ते त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत. बेळगावात हे वाटतं तितकं सोपं नाही. उत्तर, दक्षिण आणि ग्रामीण असे तीन मतदारसंघ एकमेकांत गुंतलेले आहेत, आणि बेळगाव तालुक्यातलीच काही गावं यमकनमर्डीत मोडतात. ‘आमच्याच गल्लीतला’ म्हणून घेतलेला सूचक यादीत भलतीकडे निघतो. चार संचांपर्यंत अर्ज भरता येतात, तेव्हा दोन संच वेगवेगळ्या दहा-दहा जणांचे करा. तुम्ही खानापुरातून लढलात आणि मत बेळगावातल्या मतदारसंघात असलं, तर तिथल्या यादीतल्या तुमच्या नोंदीची प्रमाणित प्रत अर्जासोबत जोडावी लागेल. अर्ज दिल्यावर निवडणूक अधिकाऱ्यासमोर शपथ घ्यायची असते, छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत. हार-गुलालाच्या गडबडीत उमेदवार ती न घेताच बाहेर पडतात. कागदपत्रं कन्नडमध्ये करा अगर इंग्रजीत, पण कन्नड नीट वाचणारा एक वकील शेजारी असू द्या. अधिकाऱ्याची नोटीस कन्नडमध्ये येते आणि उत्तराला कधीकधी काही तासच मिळतात.

मतपत्रिकेवर नाव कसं छापायचं हेही वेळेत सांगा. गावात तुम्हाला माहेरच्या नावाने ओळखतात, आधारवर सासरचं. अंतिम उमेदवारांची यादी निघण्याआधी लेखी अर्ज दिला तर लोक ज्या नावाने ओळखतात ते घालून मिळतं. बाबांचं नाव कामाला येणार असेल तर ते याच ठिकाणी. फ्लेक्सवर तीन पिढ्यांचे फोटो लावून ते साधत नाही, तिथे फक्त खर्च वाढतो.

खर्चाची मर्यादा विधानसभेला ४० लाख. अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंतचा प्रत्येक रुपया धरतात. भावाच्या गाड्या, काकांचं मंगल कार्यालय, गावजेवण हे घरचं असलं तरी ठरलेल्या दराने तुमच्या खात्यात मोजतात. अर्जाच्या किमान एक दिवस आधी निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं उघडायचं: एकट्याच्या नावाने किंवा निवडणूक प्रतिनिधीसोबत, घरच्या माणसासोबत संयुक्त चालत नाही. काका आग्रह करतील, पण पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. सहकारी बँकेत किंवा टपाल कचेरीत उघडलेलं चालतं, पतसंस्थेतलं नाही. एका माणसाला पूर्ण निवडणुकीत मिळून दहा हजारांहून जास्त रोख देऊ नका, त्यावर चेकच. पत्रक आणि फलकावर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवा, नसेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब दिला नाही तर तीन वर्षं अपात्रता. हरलेल्यांनाही ती लागू होते, आणि जास्त करून तेच गाफील राहतात. ‘बाकी आम्ही बघतो’ म्हणणाऱ्यांपैकी कोणीही ती सही तुमच्यासाठी करू शकत नाही. हिशेबाची वही स्वतःच्या ताब्यात ठेवा, रोज रात्री भरा.

मराठीचा प्रश्न. मोकळेपणाने बोला, पण शब्द मोजून. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) नुसार धर्म, जात, समाज किंवा भाषा यांच्या आधारावर मत मागणं हा भ्रष्ट आचार आहे. २ जानेवारी २०१७ ला अभिराम सिंह खटल्यात सात न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की उमेदवाराचीच नव्हे, मतदाराची भाषाही यात येते. म्हणजे ‘मी मराठी, तुम्ही मराठी, मत मराठीलाच’ हे व्यासपीठावर म्हटलं, त्याचं चित्रण झालं, की जिंकलेली जागा जाऊ शकते आणि वर सहा वर्षांपर्यंत अपात्रता येऊ शकते. दुसरी बाजू कुणी सांगत नाही. पंजाबातल्या हिंदी आंदोलनावरून उभ्या राहिलेल्या जगदेव सिंह सिद्धांती खटल्यात १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की आपली भाषा जपण्यासाठी चळवळ करणं, निवडून आल्यावर त्यासाठी झटू असं सांगणं, हा घटनेच्या कलम २९ ने दिलेला हक्क आहे, भ्रष्ट आचार नाही. तुमची भाषणं या रेघेवर बसवा. मराठी शाळांतल्या रिकाम्या शिक्षकांच्या जागा, भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून जास्त असलेल्या भागात सरकारी परिपत्रकं त्यांच्या भाषेत मिळण्याची तरतूद, बसवरचे फलक, उतारे: हे सगळं मागणी म्हणून बोला. भाषेवरून मत मागू नका, एवढंच. सीमाप्रश्नाचा २००४ चा दावाही घटनेच्या कलम १३१ खालचा (राज्यांमधले वाद सर्वोच्च न्यायालयात नेण्याचं कलम) आहे, तेव्हा त्याविषयी बोलल्याने उमेदवारीच्या शपथेला बाध येतो ही भीती सोडा. भाऊ, काका आणि गल्लीतले कार्यकर्ते तुमच्या संमतीने जे बोलतील ते तुमच्या खात्यावर पडतं, म्हणून हा परिच्छेद त्यांनाही वाचायला द्या.

जाता जाता कॉलेजचं. अंतर्गत गुण भरून, सही करून, विभागप्रमुखांकडे सोपवल्याशिवाय राजीनामा देऊ नका, नाहीतर ‘प्रचाराला आला म्हणून गुण’ असा आरोप उठतो आणि खोडता येत नाही. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटातून आधीच बाहेर पडा. त्याच आवारात पीयू (अकरावी-बारावीचे) वर्ग असतील तर ती मुलं अठराच्या आतली. फेब्रुवारी २०२४ च्या सूचनेनंतर मुलांना प्रचारात वापरण्याबद्दल आयोग काहीही ऐकून घेत नाही. सरकारी कॉलेजातल्या मैत्रिणींना मतदान किंवा मोजणी प्रतिनिधी करू नका. सरकारी नोकराने ते काम करणं गुन्हा आहे आणि त्यात त्यांची नोकरी जाऊ शकते.

आणि तुमच्या पत्रात कुठेच नसलेली एक जागा: विधान परिषद. कर्नाटकाच्या ७५ जागांपैकी सात शिक्षकांच्या, सात पदवीधरांच्या. बेळगाव, विजयपूर आणि बागलकोट मिळून वायव्य शिक्षक मतदारसंघ होतो. वय ३० लागतं, तुम्ही बसता. गेल्या सहा वर्षांत तीन वर्षं शिकवलेले शिक्षक मतदार, यादी दर वेळी नव्याने, १ नोव्हेंबर ही पात्रतेची तारीख (आपल्याकडे त्या दिवशी वेगळंच वातावरण असतं, म्हणून मुद्दाम लक्षात ठेवा), नाव घालायला फॉर्म १९. पुढची निवडणूक २०२८ मध्ये. उमेदवार शिक्षकच असावा अशी अट नाही. २०२२ मध्ये इथून निवडून आलेले प्रकाश हुक्केरी माजी खासदार होते. पण तीन जिल्ह्यांत मराठी मतदार विरळ, प्रचार कन्नडमधूनच करावा लागेल. शिक्षकांचे प्रश्न तुम्हाला आतून ठाऊक आहेत, एवढं भांडवल तुमच्या घरात दुसऱ्या कुणाकडे नाही. आम्हाला विचाराल तर झेडपीला नकार द्या, विधानसभेचं २०२८ साल इतक्यात मनात धरू नका, या महिन्यात फॉर्म ८ भरा, कन्नडमध्ये अर्धा तास सलग बोलता येईल इतकी तयारी करा, आणि शिक्षक यादीत पहिल्याच फेरीत नाव घाला. तिन्ही जिल्ह्यांतल्या किती शिक्षकांचे फॉर्म तुम्ही स्वतः भरून घेऊ शकता, त्यावर पुढचं ठरवा.

एक राहिलं. काका हुशार आहेत, ते म्हणतील, ‘राजीनाम्यावर सही करून ठेव, तारीख आम्ही घालू.’ तारीख नसलेला, सही केलेला राजीनामा कुणाच्याही हाती देऊ नका. बाबांच्याही नाही.